वाचकांचे प्रश्न : उजेडाकडे मान ताणणारी रोपे

मृग सरून आर्द्रा लागल्यावर आलेल्या पत्रांत या वेळी एकच तक्रार सारखी दिसते. रोपे उंच झाली, पण उभी राहत नाहीत. पीक मिरची असो, टोमॅटो असो की तंबाखू, रोग एकच आणि तो खरे तर रोग नाहीच. त्यातली सात पत्रे निवडून उत्तरे देत आहोत.

प्रश्न : ९८ कप्प्यांच्या वीस ट्रेमध्ये मिरची टाकून आज १८ दिवस झाले. रोपे सहा बोटे उंच आहेत, खोड मात्र दोऱ्यासारखे. झारीने पाणी मारले की आडवी होतात. खत कमी पडले असेल म्हणून १९:१९:१९ (नत्र-स्फुरद-पालाशचे विद्राव्य खत) दोनदा फवारले, तर आणखीच उंच झाली. ही रोपे वाचतील का, की नवे बी टाकू?
— मिरची उत्पादक, संकेश्वर

उत्तर : बहुतेक वाचतील. मात्र खत आजपासून आठवडाभर बंद करा. रोप उपाशी नाही, ते अंधारात आहे. उजेड कमी पडला की रोप पाने जाड करण्यात आणि मुळे वाढवण्यात शक्ती घालवत नाही, सगळी शक्ती खोड लांबवण्यात लावते, कारण वर कुठेतरी ऊन असेल असा त्याचा हिशेब असतो. अशा वेळी नत्र दिले तर त्या लांबण्याला आणखी बळ मिळते. तुमच्याकडे नेमके तेच झाले.

आधी रोप कुठे लांबले ते पाहा. बियाण्यातून निघालेली पहिली दोन गुळगुळीत पाने म्हणजे दलपत्रे. मातीपासून दलपत्रांपर्यंतचा दांडाच लांब असेल तर चूक उगवणीच्या दोन-तीन दिवसांत झाली आहे. पेरणीनंतर ट्रे एकावर एक रचून वर प्लॅस्टिक झाकतात, ते योग्यच. पण मिरची सात ते दहा दिवसांत उगवते आणि सगळे कप्पे एकाच दिवशी उगवत नाहीत. ‘सगळे उगवू देत, मग पसरू’ म्हणून थांबले की आधी उगवलेली रोपे अंधारात एका रात्रीत बोटभर वाढतात. सातव्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ थर उचलून बघायचे आणि शंभरातली चाळीस-पन्नास बिये डोके काढताना दिसली की ट्रे लगेच उजेडात पसरायचे. उरलेली उजेडातही उगवतात.

दलपत्रांच्या वरचा, दोन खऱ्या पानांमधला भाग लांबला असेल तर चूक नंतरची : दाट हिरवी जाळी, ढगाळ हवा, दाटी किंवा खत. तुमच्या वर्णनावरून दोन्ही ठिकाणी झालेले दिसते.

एक गोष्ट आधीच सांगतो. लांबलेले खोड पुन्हा आखूड होत नाही. ते सावरता येते, गाडता येते आणि पुढची वाढ आटोपशीर करता येते. काम असे करा.

हिरवी शेडनेट काढा. पांढरी किडरोधक जाळी, ४० मेशची, राहू द्या. ती उजेड फारसा अडवत नाही आणि पांढऱ्या माशीसारख्या किडींना बऱ्यापैकी अडवते. आकाश ढगाळ असेल तर जाळी काढायला आजचाच दिवस चांगला. लख्ख ऊन पडले तर मात्र सावलीतल्या रोपाला एकदम दुपारचे ऊन दाखवू नका, पानांवर कागदासारखे पांढरे डाग पडतात आणि ते पान गेलेच. पहिले दोन दिवस सकाळी नऊपर्यंत, पुढचे दोन दिवस अकरापर्यंत, मग दुपारी तीननंतरचेही, आणि सहाव्या-सातव्या दिवशी दिवसभर, असे चढवत न्या. जोराच्या सरीसाठी वर पारदर्शक प्लॅस्टिक हाताशी ठेवा, पण सर थांबली की ते बाजूला झालेच पाहिजे.

मग दाटी मोडा. रोपांची पाने एकमेकांना लागली की शेजाऱ्याच्या पानातून गाळून आलेला उजेड रोपाला वेगळा कळतो. त्यातला तांबडा भाग पानाने शोषून घेतलेला असतो, पलीकडचा गडद तांबडा तेवढा उरतो. रोप त्यावरून ‘शेजारी उंच होतोय’ हे ओळखते आणि स्वतःही लांबते. म्हणून जाळी काढूनही दाट ट्रेमधली रोपे लांबतच राहतात. एक सोडून एक रोप कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) गड्ड्यासकट उचलून रिकाम्या ट्रेमध्ये लावा. वीसचे चाळीस ट्रे होतील, पण मिरचीला अजून तीन-चार आठवडे काढायचे आहेत, तेव्हा जागेचा हा खर्च करायलाच हवा. लावताना रोप थोडे खोल बसवा आणि कप्पा चाळलेले कोकोपीट व गांडूळखत निम्मे-निम्मे मिसळून भरा. मिरचीच्या दलपत्रांखाली एक बोट खोड उघडे राहू द्या. फारच लवणाऱ्या रोपांना खराट्याची काडी टेकू म्हणून पुरते.

पाणी फक्त सकाळी. कोकोपीट मुठीत दाबल्यावर एक-दोन थेंब आले तर पाणी नको. चुरा सुटा झाला तर द्या. ट्रे उचलून वजनाचा अंदाज दोन दिवसांत हाताला येतो. संध्याकाळी भिजवलेला ट्रे रात्रभर ओला राहतो आणि रोप रात्रीच जास्त लांबते.

आठ दिवसांनी नवे पान जाड, गर्द आणि आधीच्या पानाच्या जवळ आलेले दिसले की कॅल्शियम नायट्रेट लिटरला १ ग्रॅम, त्यानंतर चार दिवसांनी १९:१९:१९ लिटरला २ ग्रॅम द्या. ही दोन्ही एका पंपात मिसळू नका. कॅल्शियम आणि स्फुरद एकत्र आले की पांढरा साका बसतो, नोझल तुंबते आणि दोन्ही वाया जातात.

टाकून द्यायची रोपे वेगळी ओळखा. मातीलगत खोड पाणी मुरल्यासारखे, तपकिरी, चिमटल्यासारखे झाले असेल तर ते लांबल्याने पडलेले नाही, ती रोपांची मर आहे. असे कप्पे आजूबाजूच्या रोपांसह काढा आणि उरलेल्या ट्रेमध्ये कॉपर ऑक्सिक्लोराईड लिटरला ३ ग्रॅम याची आळवणी करा, म्हणजे ते द्रावण मुळाशी ओता. लांबलेल्या रोपाचे खोड पातळ भिंतीचे असते, बुरशीला ते सोपे सापडते, म्हणून या आठवड्यात रोज पाहणी हवी. मिरची एरवी ३५ ते ४० दिवसांत लावणीला येते; या रोपांना आणखी आठवडा द्या.

प्रश्न : आमच्याकडे पाऊस सुरू झाला की थांबत नाही. टोमॅटोची रोपे पडवीत ठेवली होती, ती वीतभर लांब होऊन वाकली आहेत. खोल लावली तर चालतात असे ऐकले. किती खोल?
— ता. खानापूर

उत्तर : टोमॅटोला चालते, आणि उत्तम चालते. त्याच्या खोडाला मातीचा स्पर्श झाला की आठ-दहा दिवसांत तिथून नवी मुळे फुटतात. पण खानापुरात ‘खोल खड्डा’ हा शब्द जपून वापरा. वीतभर खोल खड्ड्यात पाणी साठते, मुळांना हवा मिळत नाही आणि गाडलेले खोड मुळे फुटण्याआधीच कुजते. तुमच्यासाठी आडवी लावण बरी.

लावणीच्या आदल्या दिवशी खालची पाने नखाने खुडून ठेवा, म्हणजे जखमा सुकतात. एक फूट उंच गादीवाफा करा, त्यात बोटभर लांब नव्हे, रोपाच्या लांबीइतकी आणि ५ ते ७ सेंटिमीटर खोल चर ओढा. रोप त्यात आडवे ठेवा, गड्डा चराच्या एका टोकाला, आणि शेंड्याकडचा भाग हलक्या हाताने वर वळवून दोन-तीन पानांच्या जोड्या मातीबाहेर राहतील असा ठेवा. शेंडा जबरदस्तीने सरळ करू नका. दोन दिवसांत तो आपोआप उजेडाकडे वळतो. माती हलकी दाबा आणि काठी आत्ताच रोवा. नंतर रोवली तर आडव्या खोडातून जाईल. कलमी रोप असेल तर यातले काहीच करायचे नाही. कलमाचा सांधा मातीत गेला तर वरच्या जातीला मुळे फुटतात आणि कलमाचे पैसे पाण्यात.

टोमॅटोला चालते म्हणून सगळ्यांना चालते असे समजू नका. झेंडूच्या खोडालाही मुळे फुटतात, तो खोल लावा. वांगे दलपत्रांपर्यंत. मिरचीला खोडावर मुळे फुटायला वेळ लागतो, म्हणून थोडेच. कोबी-फ्लॉवर दलपत्रांपर्यंत, पण मधला कोंब कधीही मातीखाली जाऊ नये. पपई खोल लावली तर बुंधा कुजतो. ती ट्रेमधल्याच पातळीवर. काकडी, दोडका, कारले यांची लांबलेली रोपे सावरत बसण्यापेक्षा नवे बी टाका. ते लवकर उगवते आणि जुन्याला गाठते.

प्रश्न : कोबी-फ्लॉवरची रोपे नर्सरीतून आणतो. गेल्या खेपेला उंच, टवटवीत रोपे आणली, फ्लॉवरचे गड्डे लिंबाएवढेच राहिले. रोपे घेताना काय बघायचे?
— कडोली परिसर

उत्तर : उंची बघू नका. पेरणीची तारीख विचारा. कोबी-फ्लॉवर २२ ते २५ दिवसांचे घ्यावे. ३५-४० दिवस कप्प्यात अडकलेले फ्लॉवरचे रोप शेतात गेल्यावर पाने वाढवण्याऐवजी घाईने गड्डा धरते, आणि चार पानांवर धरलेला गड्डा लिंबाएवढाच राहणार. लवकर येणारी जात उशिरा थंडीत लावली किंवा रोपाला सुरुवातीला नत्र मिळाले नाही तरीही असेच होते, तेव्हा पिशवीवरचा हंगामही वाचा.

तीन-चार रोपे ट्रेमधून स्वतः उपसून पाहा. मुळांभोवतीचा कोकोपीटचा गड्डा अखंड निघाला, मुळे पांढरी दिसली तर चांगले. मुळे तपकिरी होऊन तळाशी गोल-गोल गुंडाळलेली असतील तर रोप जुने आहे. खोड काडीपेटीतल्या काडीपेक्षा जाड हवे. चार-पाच खरी पाने, त्यांतले अंतर कमी, एकूण उंची १० ते १२ सेंटिमीटर. तळहात रोपांवरून अलगद फिरवा : चांगली रोपे लगेच उभी राहतात, लांबलेली हाताच्या दिशेने पडून राहतात. शेंड्याचा कोंब आहे ना, हे प्रत्येक ट्रेमध्ये बघा. कोंब नसलेले कोबीचे रोप कितीही हिरवेगार असले तरी गड्डा देत नाही.

टेम्पोत एकावर एक भरून आणलेली रोपे त्याच संध्याकाळी उतरवून मोकळ्या हवेत पसरा. रात्रभर गाडीत राहिलेला ट्रे सकाळी पिवळा पडलेला आणि लांबलेला सापडतो.

प्रश्न : तंबाखूचा तरवा (लावणीसाठी वाफ्यात वाढवलेली रोपे) दाट झाला आहे. रोपे उंच, पाने अरुंद, मुळी कमजोर. लावणीला अजून दोन-अडीच आठवडे आहेत. विरळणी केली तर निम्मी रोपे वाया जातात, म्हणून जीव होत नाही.
— निपाणी

उत्तर : जीव होत नाही हे समजते, पण विरळणी न केल्यास ती निम्मी आणि उरलेली, दोन्ही कमजोर राहतील. तंबाखूच्या एका ग्रॅममध्ये बारा हजारांच्या आसपास बिये असतात. चौरस मीटरला अर्धा ग्रॅम बी पुरते, म्हणजे गुंठाभर वाफ्याला ५० ग्रॅम. चिमटीने टाकताना दुप्पट कधी पडते ते कळत नाही. पुढच्या वर्षी बी दहा-वीस पट बारीक वाळूत मिसळा, त्याचे दोन भाग करा, एक भाग वाफ्याच्या लांबीने आणि दुसरा रुंदीने टाका.

आता हे करा. वाफ्याला आधी पाणी द्या, कोरड्या मातीतून रोप उपटले तर शेजारचेही मोकळे होते. दोन रोपांत चार-पाच सेंटिमीटर अंतर राहील अशी सर्वांत लुकडी रोपे काढा. काढलेल्यांपैकी बरी रोपे दुसऱ्या मोकळ्या वाफ्यावर लावता येतात, तेव्हा सगळीच वाया जात नाहीत. पाने वाफाभर पसरून खालच्या रोपांना झाकत असतील तर मोठ्या पानांचा टोकाकडचा तिसरा हिस्सा कात्रीने छाटा, कोंबाला धक्का न लावता. त्याने उजेड खाली पोहोचतो आणि वाफा एकसारखा होतो. छाटणी पाने कोरडी असताना करा. तंबाखू मळलेल्या हाताने वाफ्यात उतरू नका. तंबाखूचा मोझॅक विषाणू वाळलेल्या पानात वर्षानुवर्षे जिवंत राहतो आणि हातावरून, कात्रीवरून रोपात जातो. टोमॅटो-मिरचीलाही तोच लागतो. हात साबणाने धुवा, कात्री दर वाफ्याला साबणाच्या पाण्यात बुडवा.

युरिया टाकू नका. शेवटचा आठवडा पाणी तोडा. दुपारी पाने माना टाकतील, सकाळी सावरतील, तेवढे चालते. सकाळीही मलूल दिसली तर हलके पाणी द्या. उपटण्याच्या काही तास आधी वाफा भिजवा, म्हणजे मुळी तुटत नाही. आधी मोठी रोपे काढा, चार-पाच दिवसांनी दुसरी काढणी. लांब राहिलेले रोप कोंब मोकळा ठेवून खोल लावा. निपाणीतच धारवाड कृषी विद्यापीठाचे संशोधन केंद्र बिडी तंबाखूवर काम करते. जातीनुसार लावणीचे वय तिथे विचारून घ्या.

प्रश्न : फ्लॅटमध्ये राहतो. खिडकीत कागदी कपांत टोमॅटो-मिरची टाकली, सगळी खिडकीकडे झुकून लांबली. ट्यूबलाईटने काम होईल का?
— टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : होईल, ट्यूब रोपांच्या डोक्यावर असेल तर. छतावरच्या दिव्याचा रोपाला उपयोग नाही, अंतर वाढले की उजेड झपाट्याने घटतो. डोळ्याला खोली उजळ वाटते, कारण डोळा सवय करून घेतो. रोपाला ती सवलत नाही.

चार फूट लांब, एक फूट रुंद फळीसाठी २० वॅटच्या दोन एलईडी ट्यूब, पांढऱ्या ६५०० केल्विनच्या, शेंड्यापासून १५ सेंटिमीटरवर टांगा. साखळीने टांगल्या तर रोप वाढेल तशा वर घेता येतात. रोज १४ ते १६ तास उजेड, उरलेला वेळ पूर्ण अंधार. दोनशे-तीनशे रुपयांचा टायमर लावला की विसर पडत नाही. बाजूंना पांढरे थर्माकोल उभे केले तर वाया जाणारा उजेड परत येतो. दिवे लावायचे नसतील तर कप थेट गच्चीवर किंवा पूर्वेच्या बाल्कनीत न्या आणि पहिल्या उत्तरात सांगितले तसे ऊन चढवा.

कप फ्रिजवर ठेवून उगवण लवकर होते, खालच्या उबेमुळे. पण उगवताच ते खाली घ्या. ऊब भरपूर आणि उजेड कमी, यात रोप सर्वांत वेगाने लांबते. टोमॅटोच्या शेंड्यांवरून दिवसातून दोनदा, दहा-वीस वेळा, हात किंवा पुठ्ठ्याची पट्टी अलगद फिरवा. वाऱ्याने हलणारे रोप जसे बुटके आणि जाड होते, तसेच हे होते. पाने ओली असताना करू नका. मिरचीची पाने यात फाटतात, तिला पंख्याची हलकी झुळूक दोन-तीन तास पुरे.

प्रश्न : दुकानदार म्हणतो, वाढ रोखणारे औषध मारा, रोपे बुटकी होतात. मारू का?
— चिक्कोडी

उत्तर : नको. ही औषधे खोड लांबवणाऱ्या संजीवकाला (रोपातल्या वाढीच्या द्रव्याला) अडवतात. जे आधीच लांबले ते मागे येत नाही. त्यातले पॅक्लोब्युट्राझॉल मातीत आणि मुळांत दीर्घकाळ टिकते. मात्रा थेंबाने चुकली तर रोप शेतात गेल्यावरही महिनाभर जागचे हलत नाही, आणि ९८ कप्प्यांना सारखी मात्रा पंपाने देणे जमत नाही. खाण्याच्या पिकाच्या रोपावर लेबलमध्ये ते पीक नसताना असले कोणतेही औषध मारू नका. तेवढ्या पैशांत रिकामे ट्रे घ्या.

प्रश्न : आमच्याकडे ऊन रग्गड. तरी शेडनेटमधली रोपे लांबतात, हे कसे?
— अथणी

उत्तर : तुमची जाळी ७५ टक्क्यांची, म्हणजे तेवढा उजेड अडवणारी, असणार. ती उन्हाळ्यातली, एप्रिल-मेची. भर दुपारच्या लख्ख उन्हात साधारण एक लाख लक्स (उजेड मोजायचे एकक) उजेड असतो, त्यातला पाव भाग रोपांना मिळाला तरी भागते. पावसाळी ढगाळ दिवशी बाहेरच १०-१५ हजार लक्स असतो. त्याचा पाव म्हणजे तीन-चार हजार, त्यात भाजीचे रोप लांबणारच. शिवाय जुन्या जाळीवर धूळ आणि शेवाळ बसून ७५ चे ८५ टक्के होतात. अथणी-रायबागची धूळ लक्षात घेता जाळी हंगामापूर्वी धुऊन घ्या.

कायमची ताणलेली जाळी ठेवू नका. ५० टक्क्यांची घ्या आणि तारेवर कड्यांनी अशी बसवा की हाताने सरकेल. मार्च ते मे उगवणीनंतर सकाळी साडेदहा ते दुपारी साडेतीन एवढीच पांघरा. जूननंतर फक्त लख्ख ऊन पडले तर. लावणीच्या आधी शेवटचे सात दिवस दिवसभर उघडी ठेवा. उन्हाळ्यात आतला पारा ३५ अंशांवर गेला तर जाळी दाट करण्याऐवजी बाजूचे पडदे वर गुंडाळा; हवा खेळली की पारा उतरतो आणि उजेडही कमी होत नाही. ट्रे जमिनीवर न ठेवता विटांवर किंवा मांडवावर ठेवले तर तळाला हवा लागून मुळांची टोके तिथेच सुकून थांबतात, बाहेर घुसत नाहीत, आणि उपसताना तुटत नाहीत.